बागेचा आराखडा, बदल्यात चित्र: देवाणघेवाणीचा अभ्यास करताना नेमकं काय बघायचं?

मी एका पेंटरकाकांच्या परसबागेचा आराखडा करून दिला आणि त्यांनी मला स्वतःचं एक चित्र दिलं. पैसे कुणी कुणाला दिले नाहीत. व्यवहार एवढाच. पण त्यापायी माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण मला तीनदा लिहावं लागलं आणि एका मुलाखतीचा बराच भाग काढून टाकावा लागला. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, त्यातही गावात जाऊन माणसांशी बोलायचं काम करणार असाल, तर असं काहीतरी तुमच्याही वाट्याला येणार आहे. म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझी पदवी उद्यानविद्येची आणि पीएच.डी. मानवशास्त्रात. (हा उलटा प्रवास कसा झाला ते पुन्हा कधीतरी.) विषय आहे जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत पैशाशिवाय चालणारी देवाणघेवाण. काकांचं घर घोडेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाकडे जाताना लागतं. तरुणपणी त्यांनी नारायणगाव-मंचरच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या, तमाशाच्या फडांचे पडदे रंगवले. नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी द्यायला तिथं येतात, हे तुम्हाला माहीत असेलच. फ्लेक्स आल्यावर पाट्यांचं काम गेलं. आता ते शाळांच्या भिंती रंगवतात, देवळांचं काम आलं तर करतात, आणि उरलेल्या वेळात स्वतःसाठी डोंगर आणि भातखाचरं काढतात. मी गेले होते पडद्यांच्या मजुरीबद्दल विचारायला.

बोलता बोलता त्यांना कळलं की मी झाडाझुडपांचं शिकले आहे. मग मुलाखत बाजूला राहिली आणि आम्ही घरामागच्या उतारावर उभे. तीनेक गुंठे जागा. काकांना तिथं जेसीबी लावून सगळं सपाट करायचं होतं, चित्रं काढायला बसता येईल अशी ओटी आणि भोवती बाग. मी म्हटलं, काका, डोंगराचा पायथा असा सरळ कापू नका. आंबेगावच्या पश्चिम भागात हे वाक्य कुणी सहज बोलत नाही आणि सहज ऐकतही नाही. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. जोराचा पाऊस, उतार, उतारावर केलेली सपाटीकरणाची कामं, या सगळ्यांची तेव्हा चर्चा झाली. काका गप्प झाले आणि म्हणाले, "मग तुम्हीच सांगा कसं करायचं."

मी कागदावर काढून दिलं. एकच मोठा सपाट तुकडा नको, तीन छोट्या पायऱ्या करायच्या, कडेला चुना-सिमेंट न लावता रचलेला दगडी बांध, वरच्या बाजूला पाणी वळवायला चर. मोरीचं पाणी जिथं जातं तिथं केळ आणि अळू. शेवगा, लिंबू, कढीपत्ता एका कडेला. दोडका आणि घेवड्याला मांडव. आणि घराला लागून दाट झुडपं अजिबात नकोत, कारण जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चारही तालुक्यांत, बागेचा आराखडा बिबट्याचा विचार केल्याशिवाय पुरा होत नाही. शहरातल्या बागेच्या पुस्तकात हे सापडणार नाही. बांधाबद्दल मात्र मी स्पष्ट सांगितलं की मी भूगर्भाची जाणकार नाही, गावातल्या बांध घालणाऱ्या माणसाला दाखवून मगच काम सुरू करा.

तीन चकरा झाल्या. तिसऱ्या वेळी निघताना काकांनी भिंतीवरचं एक चित्र उतरवलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि हातात दिलं. मी नको नको म्हणाले. ते म्हणाले, "ताई, पैशाचं मी बोलत नाही, तुम्हीपण बोलू नका. पण मिंधं राहायचं नाही मला. घेऊन जा."

आता संशोधनाकडे येऊ.

पहिल्या मसुद्यात मी काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्ही ते करणार नाही. पुण्यात बागेचा आराखडा करून देणारे किती घेतात ते विचारलं. तेवढ्या आकाराचं चित्र काका गिऱ्हाईकाला केवढ्याला देतात ते विचारलं. दोन्ही आकडे शेजारी मांडले, ते बऱ्यापैकी जुळले, आणि मी आनंदानं लिहून टाकलं की विनिमय समतोल आहे. माझ्या गाइडनी समासात एकच ओळ लिहिली: "हा हिशेब त्यांनी केला होता की तू?"

अर्थातच मी केला होता. काकांनी कुठलाच आकडा उच्चारला नव्हता. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात आपण शिकतो की वस्तुविनिमयात मोठी अडचण असते: माझ्याकडचं तुला हवं आणि तुझ्याकडचं मला हवं, हे एकाच वेळी जुळावं लागतं. जेव्हन्सनं १८७५ च्या पुस्तकात हे मांडलं आणि तेव्हापासून ते पाठ्यपुस्तकांतून वाहत आलं आहे. त्यापुढची गोष्ट ठरलेली: ही अडचण होती म्हणून माणसानं पैसा शोधला. पण कॅरोलाइन हम्फ्री यांनी १९८५ साली नेपाळमधल्या ल्होमी लोकांच्या विनिमयावर लिहिताना दाखवलं की निव्वळ वस्तुविनिमयावर चाललेली आणि मग त्यातून पैशाकडे गेलेली अर्थव्यवस्था कुणी कुठे नोंदवलेलीच नाही. डेव्हिड ग्रेबर यांनी २०११ च्या कर्जावरच्या पुस्तकात तोच धागा पुढं नेला. ओळखीच्या माणसांत बदल्यात लगेच काही हातात पडावं लागत नाही. मी आज देते, तुम्ही पुढं कधीतरी द्याल, मधे येणं लक्षात राहतं. त्यामुळे जेव्हन्सची अडचण बहुतेक वेळा येतच नाही.

किंमत शोधायचीच असेल तर ते काम कायदा करतो, आणि चोख करतो. २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्याच्या सातव्या कलमात पुरवठ्याच्या व्याख्येत विक्रीबरोबर वस्तुविनिमय आणि अदलाबदलही आहे. नियमावलीतल्या २७ व्या नियमात उदाहरण दिलंय: जुना फोन देऊन नवा फोन २०,००० रुपयांना मिळाला, आणि जुना न देता तोच २४,००० ला मिळत असेल, तर कर २४,००० वर. (घाबरू नका, धंदा म्हणून केलेल्या व्यवहारांपुरतंच हे आहे. काकांच्या परसबागेत कुणी येत नाही.) कायद्याला आकडा हवा असतो कारण त्याला कर लावायचा असतो. तुम्हाला कर लावायचा नाही. मग आकडा कशाला?

त्याऐवजी काकांच्या तोंडचा शब्द बघा: मिंधं. मराठीत देण्याघेण्याचे किती शब्द आहेत याची एकदा यादी करा. उसनं, उधार, कर्ज, मदत, हातभार, मोबदला, मजुरी, हक्क, उपकार, परतफेड, अहेर. यातला कुठलाही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणली तर वाटीभरच परत करायची, वर दोन रुपये दिले तर तिला राग येईल. मिंधा माणूस म्हणजे नुसता देणेकरी नव्हे. घेतल्यामुळे ज्याची मान खाली गेली आहे असा. काकांनी चित्र दिलं ते माझ्या कामाची किंमत म्हणून नव्हे, मान वर राहावी म्हणून. मार्सेल मॉस यांनी १९२५ च्या दानावरच्या निबंधात देणं, घेणं आणि परत देणं ही तीन बंधनं सांगितली आहेत. ती तुम्ही वाचालच. पण तुमच्या भाषेत या बंधनाला काय म्हणतात ते आधी कान देऊन ऐका, मॉस नंतर समजायला सोपा जातो. मी उलटं केलं होतं.

आता या भागात देवाणघेवाणीचे जे प्रकार माणसांच्या ओळखीचे आहेत, त्यांच्या शेजारी आमचा व्यवहार ठेवून बघू.

इरजिक सगळ्यांना माहीत आहे: एकाच्या शेतात सगळे येतात, काम उरकतात, यजमान जेवण घालतो. कोण किती राबला हे मोजत नाहीत. सावडीत मात्र मोजतात. तू माझ्याकडे एक दिवस, मी तुझ्याकडे एक दिवस. बैलसुद्धा सावडीनं चालतात. पश्चिम आंबेगाव, जुन्नर आणि खेडच्या डोंगरात महादेव कोळी लोकांची पडकई आहे. काही कुटुंबं एकत्र येऊन पाळीपाळीनं एकेकाच्या उतारावर दगडमातीचे बांध घालतात आणि भाताची खाचरं तयार करतात. डिंभे धरणामुळे विस्थापित झालेल्यांबरोबर काम करणाऱ्या 'शाश्वत' संस्थेनं हे काम पुढं नेलं. त्या संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पुढं सरकारी योजनेतही पडकई आली, काही ठिकाणी यंत्रं आली, आणि माळीणनंतर यंत्रानं केलेल्या पडकईवर वाद झाला.

पडकईतली एक गोष्ट आराखडा लिहिणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. तिथं एक दिवस बरोबर एक दिवस. दगड रचण्यात हातखंडा असलेल्याचा दिवस आणि नवख्या पोराचा दिवस हिशेबात सारखाच. हेच तत्त्व परदेशात टाइम बँक नावानं नव्यानं मांडलं गेलं: एका तासाला एक तास, मग तो वकिलाचा असो की माळ्याचा. कॅनडात १९८३ मध्ये मायकेल लिंटन यांनी सुरू केलेल्या लेट्स या पद्धतीत मात्र किंमत देणाऱ्या-घेणाऱ्यानं आपसांत ठरवायची, पण नोटेऐवजी वहीत नोंद करायची. आमचा व्यवहार यातल्या कशातच बसत नाही. माझ्या तीन चकरा आणि काकांचं चित्र काढायला गेलेले दिवस आम्ही मोजले नाहीत. आणि जेवण घालून विसरून जावं, असंही नव्हतं.

मग उरतं बलुतं, आणि इथं मला थोडं थांबायचंय. कारण पैशाशिवायच्या देवाणघेवाणीचं नाव काढलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "म्हणजे आपली जुनी बलुतेदारीच की!"

नाही. पण का नाही, हे नीट सांगता आलं पाहिजे, नाहीतर आरआरसीपुढे तुमची पंचाईत होईल.

मोल्सवर्थच्या कोशात, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे, बलुत्यांच्या आणि अलुत्यांच्या याद्या दिल्या आहेत. अलुत्यांच्या यादीत माळी आहे, वाजवणारा घडशी आहे आणि गोंधळीही आहे. म्हणजे बागेचा माणूस आणि कलावंत, दोघंही गावच्या एकाच यादीत. माझ्यासाठी हे घबाडच होतं. वाटलं, चला, आमच्या व्यवहाराला पूर्वज सापडले. पण नीट बघा: माळी गोंधळ्याला फुलं देतो आणि गोंधळी माळ्याकडे गोंधळ घालतो, असा तो व्यवहार नव्हता. दोघांनाही मिळायचं ते खळ्यावरच्या धान्यातून, शेतकऱ्याकडून, ठरलेल्या वाट्यानं. बलुत्यांच्याही थोरली, मधली, धाकटी अशा ओळी. ज्याची जशी ओळ तसा वाटा. हिरोशी फुकाझावा या जपानी इतिहासकारांनी १९७२ च्या लेखात अठराव्या शतकातल्या मराठी कागदपत्रांवरून दाखवलं की इथले बलुतेदार एकेका घराचे नव्हे, तर सगळ्या गावाचे चाकर होते. वायझर यांनी १९३६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका गावावरून जजमानीचं जे चित्र उभं केलं, घराचं घराशी नातं, ते महाराष्ट्राला तसंच्या तसं लावता येत नाही. संदर्भसूचीत दोघंही ठेवा, पण एकाच वाक्यात एकत्र बांधू नका. ही चूक मी परिसंवादात जाहीरपणे केली आहे.

दुसरा मुद्दा जास्त कडू आहे. बलुत्यात "नको" म्हणता येत होतं का? काम जन्मानं ठरलेलं, वाटा वरून ठरलेला. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' १९१५ चं. महसूल खात्यात नोकरी केलेल्या या माणसाला कुणब्यावर पडणारा अलुत्या-बलुत्यांचा बोजा दिसला, आणि तो त्यांनी बारकाईनं लिहिला. त्याच व्यवस्थेत जोहार घालून भाकरी मागणाऱ्याला काय दिसत होतं ते जाणून घ्यायला दया पवारांच्या १९७८ च्या 'बलुतं'पाशी यावं लागतं. ते जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यातले. डॉ. आंबेडकरांनी महार वतनाच्या प्रश्नावर १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, आणि कनिष्ठ गाववतनं संपवणारा कायदा १९५८ चा. एवढी वर्षं ज्यातून सुटण्यासाठी लढावं लागलं त्याला "देवाणघेवाण" म्हणताना जीभ अडखळली पाहिजे. दोन्ही बाजूंनी काहीतरी दिलं-घेतलं जात होतं, एवढ्यावरून तो परस्परांचा सौदा ठरत नाही.

म्हणून दुसऱ्या मसुद्यात मी किमतीचा तक्ता काढून टाकला आणि प्रत्येक व्यवहाराला तीनच गोष्टी विचारल्या. आधी कोण बोललं? नाही म्हणायची सोय कुणाला होती, कुणाला नव्हती? आणि हिशेब मिटला असं दोघांपैकी कोण, केव्हा म्हणतं? साहलिन्सचे परस्परतेचे तीन प्रकार तुम्हाला कोर्सवर्कमध्ये शिकवतील, ते उपयोगी आहेत. पण क्षेत्रावर उभं असताना "हा व्यवहार कुठल्या प्रकारात बसतो" असं विचारण्यापेक्षा हे तीन प्रश्न मला जास्त कामाला आले.

शेवटच्या प्रश्नानं तर माझी विकेटच काढली. मला वाटलं होतं, चित्र दिलं, हिशेब मिटला. पहिल्याच पावसाळ्यात काकांचा फोन आला. चर छान चालला होता, पण मी त्याचं तोंड जिथं काढलं होतं तिथून पाणी शेजाऱ्यांच्या कुडाच्या भिंतीवर जात होतं. भिंत पडली नाही, पण पोपडे सुटले आणि शेजारी चिडले. त्यांचं चिडणं योग्यच होतं. मी उन्हाळ्यात जागा बघितली होती, पाऊस पडताना नव्हती. उतारावर पाणी कुठून धावतं हे पावसातच दिसतं. काकांनी आणि त्यांच्या भावानं दोन दिवस खपून चर दुसरीकडे वळवला. भिंत लिंपायला शेजाऱ्यांना मातीही काकांनीच आणून दिली.

आता सांगा, कोण कुणाचं देणं लागतो? चित्र भिंतीवर वाकडं लागलं तर कुणाचं काही बिघडत नाही. सल्ला चुकला तर बिघडतं, आणि ज्यानं सल्ला मागितलाच नाही त्याचंही बिघडतं. सेवेच्या बदल्यात वस्तू असा व्यवहार असेल तेव्हा हे आठवणीत ठेवा: वस्तू हातात येते तेव्हा तिचं काय ते कळतं, सेवेचं कळायला ऋतू जावा लागतो. तुमच्या क्षेत्रकार्याचा काळ तेवढा लांब नसेल तर तुम्ही अर्धाच व्यवहार बघून परत याल. मी विचारलं, "काका, आता मी तुमचं देणं लागते ना?" ते म्हणाले, "तसलं काय नाही ओ." पण त्यानंतर महिन्याभरात त्यांनी मला पुतणीच्या कृषी प्रवेशाची माहिती काढायला सांगितली, आणि ती मी जरा जास्तच तत्परतेनं काढली. ही नोंदही वहीत आहे. संशोधक स्वतः व्यवहारात असेल तर त्याचं वागणंही विदा असतं. ते लपवलंत तर प्रकरण लंगडं होतं.

आता ज्या भागासाठी हा लेख लिहायला घेतला तो.

काकांनी मुलाखतीसाठी संमतीपत्रावर सही केली होती. केव्हा? दुसऱ्या चकरेला. म्हणजे मी बागेचा कागद हातात ठेवल्यावर आणि त्यांनी चित्र देण्याआधी. ज्या काळात, त्यांच्याच शब्दात सांगायचं तर, ते मिंधे होते. त्या मुलाखतीत त्यांनी पडद्यांचे कुठले पैसे कुणाकडे राहिले, कुणी कसं टाळलं, हे मोकळेपणानं सांगितलं होतं. माझ्या प्रकरणाचा तो कणाच होता. फॉर्म बरोबर होता, सही खरी होती, तारीख खरी होती. पण मी वर जो प्रश्न सगळ्यांना विचारत होते, नाही म्हणायची सोय कुणाला होती, तो मी माझ्या संमतीपत्राला विचारलाच नव्हता.

हे लक्षात आल्यावर दोन आठवडे मी काहीच केलं नाही. खरं सांगायचं तर वाटलं, कुणाला कळणार आहे? मग गेले. लिहिलेला भाग वाचून दाखवला आणि म्हटलं, काका, बागेचं आणि याचं काही देणंघेणं नाही, यातलं काय ठेवू आणि काय काढू ते तुम्ही सांगा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. काकू आतून म्हणाल्या, "ते पैशाचं काढून टाक गं बाई. त्या लोकांच्यात आमचं येणंजाणं हाय अजून." काकांनी मान हलवली. मी तो भाग काढला. गाळलेल्या मजकुराची सारवासारव करणारी गोलमोल वाक्यं लिहायचा मोह झाला होता. तीही काढली, कारण नारायणगावच्या परिसरात दोन खुणा दिल्या तरी माणूस ओळखू येतो.

तुमच्याकडे कुणी मदत मागितली तर नाही म्हणा, असं मी म्हणत नाही. दोन वर्षं एखाद्याच्या ओट्यावर चहा पीत बसायचं आणि स्वतःला येतं ते काम मात्र करायचं नाही, हेही बरं दिसत नाही. पण दोन सोप्या सवयी लावून घ्या. मदत आणि संमती एकाच भेटीत येऊ देऊ नका, मधे थोडे दिवस जाऊ द्या. आणि मदत केल्यावर संमती पुन्हा विचारा, कागदावर नाही, तोंडी, घरातलं दुसरं माणूस ऐकत असताना. काकू नसत्या तर काका कदाचित "राहू द्या" म्हणाले असते.

चित्राचं एक तांत्रिक प्रकरण राहिलं, ते थोडक्यात. मला ते प्रबंधात छापायचं होतं. चित्र माझ्याकडे आहे म्हणजे छापायचा हक्क माझा, असं वाटण्याची चूक सगळेच करतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्राचा पहिला हक्कदार साधारणपणे चित्रकारच; कॅनव्हास दिला म्हणून हक्क दिला असं होत नाही. मात्र १७ व्या कलमात अपवाद आहे: कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन चित्र काढलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर हक्क सांगणाऱ्याकडे जातो. आणि मोबदला पैशातच असावा असं १८७२ चा करार कायदा म्हणत नाही. दुसऱ्यासाठी केलेलं कामही मोबदला ठरू शकतं. म्हणजे मी जर "बाग करून देते, मला एक चित्र काढून द्या" असं आधी ठरवलं असतं, तर कदाचित नकळत काकांचा हक्क माझ्याकडे आला असता! त्यांनी आधीच काढलेलं चित्र स्वतःहून दिलं, म्हणून तो त्यांच्याकडेच राहिला. "आधी कोण बोललं" या प्रश्नाचा असाही उपयोग होतो. मी छापण्यापुरती लेखी परवानगी घेतली. काकांनी एकच अट घातली, चित्राखाली त्यांचं नाव घालायचं. आता आली का पंचाईत? प्रबंधात त्यांची ओळख झाकायची आणि चित्राखाली नाव छापायचं, दोन्ही एकदम कसं जमणार? शेवटी चित्र काकांच्या नावानिशी प्रबंधाच्या सुरुवातीला, कुठल्याही प्रकरणाशी न जोडता घालायचं ठरवलं, पण तिथंही ओळख पटेल म्हणून मन खात होतं. गेल्या महिन्यात त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "मग चित्र नका घालू. बाग बघायला या म्हणावं लोकांना."

तर प्रबंधात चित्र नाही. तुम्ही आराखडा लिहित असाल तर क्षेत्रकार्याच्या पद्धतीखाली एक परिच्छेद असा ठेवा: क्षेत्रावर मी काय देणार आहे, काय घेणार आहे, आणि ते कुठं नोंदवणार आहे. माझ्या आरआरसीत त्यावर एकच प्रश्न आला होता, "हे लिहायची गरज काय?" तेव्हा मला धड उत्तर देता आलं नव्हतं. आता माझी वही दाखवली असती: डाव्या पानावर मी दिलेलं, उजव्या पानावर घेतलेलं, आणि काकांच्या नावापुढं दोन्हीकडे अजून नोंदी चालू आहेत. शेवटची नोंद दोडक्यांची आहे, उजव्या पानावर.